राणीचा काळ आणि रडण्याची शाळा

आमच्या ओसरीवर त्या उन्हाळ्यात दोन अभ्यास एकदम चालत. एका कोपऱ्यात मी इंग्रजी घोकत असे आणि दुसऱ्या कोपऱ्यात माझी बहीण जमनी रडायला शिकत असे. दोघांपैकी तिचा अभ्यास जास्त गंभीरपणे घेतला जाई, आणि ते योग्यच होतं. आम्ही बंजारा. आमच्यात सासरी निघालेली मुलगी नुसती रडत नाही, ती रडणं गाते. आईच्या गळ्यात पडून आईचं कडवं, बापाच्या गळ्यात पडून बापाचं, मग भावाचं, मग उंबऱ्याचं, विहिरीचं, गोठ्यातल्या बैलांचं. याला ढावलो म्हणतात. तो चुकला, मधेच अडला किंवा भलत्याच चालीत गेला, तर वऱ्हाडातल्या बाया तोंडाला पदर लावून एकमेकींकडे बघतात आणि पोरीच्या आईची मान खाली जाते. म्हणून लग्नाआधी तांड्यातली एखादी जाणती बाई पोरींना दुपारी घेऊन बसते आणि रीतसर रडायला शिकवते. आमच्या तांड्याची जाणती म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. तिला आम्ही मोटी याडी म्हणत असू, म्हणजे थोरली आई. तिच्या हाताखालून निघालेली पोरगी दारव्ह्यापासून पुसदपर्यंत कुठंही दिली तरी रडण्यात कमी पडली नाही, अशी तिची ख्याती होती. माझ्या कॉलेजची अशी काहीच ख्याती नव्हती.

घरात आम्ही गोरबोलीत बोलत असू. इथं ते सगळं वऱ्हाडीत लिहितो आहे, नाहीतर निम्मं पुस्तक मला कंसात समजावून सांगावं लागेल. मोटी याडीला हे आवडलं नसतं. तिला कंस म्हणजे काय तेही आवडलं नसतं.

माझं दुखणं असं होतं. तांड्यातून दिग्रसच्या कॉलेजात जाणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षी मी सगळ्या विषयांत बरा निघालो आणि इंग्रजीत असा आपटलो, की इंग्रजीच्या वानखडे सरांनी मला बोलावून विचारलं, ‘तू पेपर उलटा धरून तर सोडवला नव्हता?’ इंग्रजी सुटल्याशिवाय पुढच्या वर्गात पाय ठेवायचा नव्हता. आता पुन्हा बसायचं होतं. व्याकरण, परिच्छेदलेखन, शब्दसंग्रह आणि शेवटी एका साहित्यिक कालखंडाची माहिती, असे पेपराचे चार डोंगर होते. माझ्या बापानं, म्हणजे बानं, हे सगळं नीट ऐकून घेतलं. बा फार कमी बोलायचा. त्यानं बाटीचा तुकडा अंबाडीच्या भाजीत बुडवला, खाल्ला, पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘यंदा सुटलं त शिक. नाई सुटलं त दसऱ्यानंतर धनूच्या टोळीत जाय. त्याले एक गडी कमी आहे.’

धनू मुकादम आमच्याच तांड्यातला. दरवर्षी तो ऊसतोडीची टोळी घेऊन पार तिकडं कारखान्याच्या मुलखात जायचा. माझा मोठा भाऊ त्याच टोळीत होता आणि उन्हाळ्यात परत आला की त्याचे तळहात बघून कुत्रंसुद्धा चाटायला यायचं नाही. मला कोयत्याची भीती वाटायची हे खरंच. पण त्याहून मोठी भीती ही, की एकदा टोळीत गेलेला पोऱ्या पुन्हा पुस्तकाकडं आलेला मी पाहिला नव्हता. त्यामुळं मी गुलाबी कव्हराचं एक गाईड आणलं, ओसरीचा सावलीचा कोपरा धरला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. मनातल्या मनात वाचणं तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. घरच्यांना आवाज आला नाही की त्यांना वाटायचं पोरगं झोपलं. आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

पहिल्याच दुपारी भांडण झालं. तिकडं मोटी याडी पोरींना सांगत होती, ‘याडी म्हटल्यावर श्वास सोडायचा नाई. आवाज वर न्यायचा, मंग हळूच खाली आणायचा, जसा विहिरीत दोर सोडता तसा.’ पोरी सूर लावत होत्या, आणि मी इकडून ओरडत होतो, ‘आय हॅव गॉन, यू हॅव गॉन, ही हॅज गॉन.’

‘कोण गेलं रे?’ मोटी याडी तिकडून म्हणाली.

‘कोणी नाई गेलं. व्याकरण आहे ते.’

‘मंग इतका कायले ओरडून राह्यला? अथी पोरी रडून राह्यल्या, दिसत नाई का तुले?’

‘मले परीक्षा आहे, मोटी याडी.’

‘यायले नाई का परीक्षा? तुह्या परीक्षेत नापास झालं त पुन्हा बसता येते. हिले पुन्हा बसता येईन का?’

जमनी पदराआड हसत होती. व्याकरण आणि शब्द मी मग दिग्रसला नेले. तिथं बसस्टँडमागं रफीकच्या अब्बांचं, उस्मानचाचांचं, जीप दुरुस्तीचं गॅरेज होतं. रफीक माझ्याच वर्गातला, माझ्याच विषयात आपटलेला. तो जीपखाली आडवा असायचा, मी वर टायरवर बसून गाईड उघडायचो. शेजारच्या जिनिंगचा आवाज दिवसभर चालू असे, त्यामुळं ओरडण्यावर कोणाची हरकत नव्हती.

‘एन्शंट,’ मी ओरडायचो.

‘मॉडर्न. वो बारा का पाना दे.’

‘ब्रेव्ह.’

‘कॉवर्ड. बारा का बोला ना यार, ये चौदा का है.’

अशा रीतीनं विरुद्धार्थी शब्द आणि पाने, दोन्ही माझे पाठ झाले. कर्मणी प्रयोग मात्र चाचांपाशी अडला. मी त्यांना समजावून सांगितलं, की मिस्त्रीनं नट कसला हे एक वाक्य आणि नट मिस्त्रीकडून कसला गेला हे दुसरं. चाचांनी हात पुसत विचार केला. ‘नट कस गया ना?’ ते म्हणाले. ‘कस गया चाचा.’ ‘तो फिर काम की बात करो. चाय मँगाओ.’ आजही सरकारी पत्रात ‘आपणास कळविण्यात येत आहे’ असं वाचलं की मला चाचा आठवतात. आयुष्यभर पंचायत समितीत बसून मी तसलीच पत्रं लिहिली. नट कसला गेला, कोणी कसला ते कुठंच लिहायचं नाही.

परिच्छेदलेखन जमत आलं. राहिला तो कालखंड, तो मी घरी ओसरीवरच घोकत असे, आणि तो डोक्यात शिरेना. विलायतेत एक राणी फार वर्षं गादीवर बसली होती, तिच्या नावानं तो काळ ओळखतात. गाईडात त्या काळाची वैशिष्ट्यं एकाखाली एक दिली होती: रेल्वे आली, कारखाने आले, माणसं खेडी सोडून शहरात गेली, कादंबऱ्या लांबल्या, श्रद्धा डळमळली. यातलं एक धरलं की दुसरं निसटायचं. कारखाने आठवले की कादंबऱ्या जायच्या. श्रद्धा तर एकदाही वेळेवर आली नाही. माझी नात परवा यवतमाळला हाच कालखंड मोबाइलवर वाचत होती. अंगठ्यानं वर सरकवत होती, तेलकट वडा खाता खाता. मी म्हटलं, ‘पाठ झालं का?’ ती म्हणाली, ‘आबा, पाठ कशाला करायचं, समजून घ्यायचं असतं.’ आमच्या वेळी समजून घेणं अभ्यासक्रमात नव्हतं.

कापसाच्या पऱ्हाट्या जाळून मोटी याडी दुपारचा चहा करायची. एक दिवस चहाच्या सुटीत तिनं मला टोकलं. ‘रोज रोज एकच म्हणून राह्यला. तुह्या त्या राणीच्या काळात झालं तरी काय?’

‘रेल आली,’ मी म्हटलं. मला तेवढंच खात्रीनं आठवत होतं.

ती चहा गाळता गाळता थांबली. ‘मंग?’

‘मंग कारखाने आले. लोकायनं गावं सोडली.’

‘असं नं,’ ती म्हणाली आणि पोरींकडं वळली. ‘ऐकलं का गं? रेल आली तवाच आपल्या बैलांच्या बाळदी बसल्या. आपले म्हातारे बैलांवर गोणी लादून मीठ न्यायचे, धान्य न्यायचे, मुलखाच्या मुलूख चालायचे. रेलनं एका डब्यात सारं नेलं. बैल विकले, अन् मंग आपण अथी जमिनीत हात घातला. माह्या सासूची सासू सांगे.’ तिनं माझ्यापुढं कप ठेवला. ‘हे त रडण्यासारखंच आहे. मले वाटलं तू काई फालतू वाचून राह्यला. बस अथीच. पण सुरात म्हण, पोरींचा सूर बिघडवू नको.’

परवानगी मिळाली, आणि इथून माझ्या मूर्खपणाला सुरुवात झाली. सुरात म्हण म्हटल्यावर मी सुरात म्हणायला लागलो. ढावल्याची चाल माझ्या कानात इतकी बसली होती की राणीचा काळ तिच्यावर आपोआप चढला. ढावल्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी याडीला हाक असते. ती हाक आली की पुढची ओळ आपसूक येते, रहाट फिरला की पुढचं मडकं वर येतं तशी. मी म्हणायचो, ‘रेल्वेज केम, ओ याडी… फॅक्टरीज केम, ओ याडी… नॉव्हेल्स बिकेम लाँग, ओ याडी…’ आणि आश्चर्य म्हणजे काहीच निसटेना. श्रद्धासुद्धा तिसऱ्या हाकेनंतर हटकून डळमळू लागली. दोन दिवसांत पोरींनाही ते पाठ झालं. मी अडलो की विहिरीवरून पाणी आणणारी एखादी पोरगी जाता जाता सांगायची, ‘आता कारखाने येते, भिया.’ भिया म्हणजे भाऊ. मोटी याडीनं माझा श्वास दुरुस्त केला, दुसऱ्या कडव्यात आवाज कुठं पाडायचा ते दाखवलं आणि एकूण अभ्यास पक्का झाला असा निर्वाळा दिला. तसा वानखडे सरांनी कधीच दिला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी याडीनं दही-बाटी खाऊ घातली. सायकलवर बसलो तेव्हा मला जराही भीती नव्हती. व्याकरण सुटलं. शब्द सुटले, ‘कॉवर्ड’ आला तेव्हा हात पान्याकडं गेला, पण सावरलो. परिच्छेदाला विषय होता ‘माझं कॉलेज’. तोपर्यंत ठीक होतं. पण हात लिहायला लागला आणि नकळत ढावल्याच्याच क्रमानं चालू लागला. मी आधी कॉलेजच्या फाटकाचा निरोप घेतला, मग प्राचार्यांचा, मग घंटेचा, मग अंगणातल्या नळाचा आणि शेवटी कडुनिंबाचा. तपासणाऱ्याला वाटलं असेल, हा विद्यार्थी एकतर मरायला टेकला आहे किंवा त्याला काढून टाकलं आहे.

मग राणी आली. मी पेन खाली ठेवून डोळे मिटले आणि एकही ओळ आठवेना. मनातल्या मनात म्हणून पाहिलं. नाही. चाल ओठांवर आल्याशिवाय शब्द हलायलाच तयार नव्हते. शेवटी मी मान खाली घातली आणि अगदी बारीक आवाजात सूर लावला. आता ढावल्याचा गुण असा, की तो नीट लावला की डोळ्यांना पाणी येतंच. ती चाल बनवलीच त्यासाठी आहे. मोटी याडीनं शिकवण्यात कसर ठेवली नव्हती. रेल्वे आली आणि पहिला थेंब पेपरावर पडला. कारखाने आले तेव्हा नाक वाहायला लागलं. लोकांनी खेडी सोडली तोपर्यंत मी शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होतो आणि भराभर लिहीत होतो.

वर्गावरचे सर बाजूला येऊन उभे राहिले. बाहेरगावचे, भले गृहस्थ होते.

‘काय झालं, बाळा? घरी काही…?’

‘नाही सर. राणीचा काळ आहे.’

त्यांनी माझ्याकडं, मग पेपराकडं पाहिलं. ‘हं,’ ते म्हणाले, ‘काळ सगळ्यांवरच येतो.’ आणि त्यांनी शिपायाला सांगून मला पाणी आणवलं. मागच्या बाकावरून रफीक कुजबुजला, ‘अबे, मत रो. पंधरा मिनट हैं, लिख.’

घंटा झाल्यावर फाटकाबाहेर रफीकनं मला धरलं. काय लिहिलं ते मी त्याला सांगायला लागलो, आणि तिसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात आलं. मी प्रत्येक ओळीनंतरची हाकसुद्धा लिहिली होती. तीही इंग्रजीत. रेल्वेज केम, ओ मदर. फॅक्टरीज केम, ओ मदर. कादंबऱ्या लांबल्या, हे माते. सबंध पानभर. हाक लिहिल्याशिवाय पुढची ओळ येतच नव्हती, त्याला मी तरी काय करणार.

रफीक सायकल धरून खाली बसला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. मग माझा चेहरा पाहून म्हणाला, ‘चाचा-मामा तो नहीं लिखा ना? फिर ठीक है.’

ठीक काहीच नव्हतं. त्या संध्याकाळी मी बाला सांगितलं, की पेपर बरा गेला. आणि परसात जाऊन भावाचा कोयता हातात धरून पाहिला. जड होता.

मे महिन्यात जमनीचं लग्न झालं. निघायची वेळ आली, बाया गोळा झाल्या, मोटी याडी कमरेवर हात ठेवून परीक्षकासारखी उभी राहिली. जमनी रडली, आणि काय रडली. याडीचं कडवं झालं तेव्हा वऱ्हाडातल्या बायांनीही पदर डोळ्याला लावले. बा तर बैलगाडीमागं जाऊन उभा राहिला. मग माझी पाळी आली. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, भावाचं कडवं सुरू केलं, दोन ओळी अगदी खऱ्या म्हटल्या आणि मग माझ्या कानाशी, त्याच सुरात, त्याच कापऱ्या आवाजात म्हणाली, ‘नॉव्हेल्स बिकेम लाँग, ओ भिया…’ मी तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. ती हसत होती, रडत होती, दोन्ही मिळून तिचं अंग गदगदत होतं, आणि माझंही. बाहेरून बघणाऱ्यांना फक्त खांदे दिसत होते. नवऱ्याकडची एक म्हातारी म्हणाली, ‘बहीणभावाची माया अशी पाह्यजे.’ मोटी याडीनं मात्र मला नंतर बाजूला घेतलं. ‘मले समजलं हां,’ ती म्हणाली. ‘पण सूर नाई सोडला पोरीनं.’

जमनी गेली, ओसरी रिकामी झाली आणि मला निकालाची वाट पाहण्याशिवाय काम उरलं नाही. दुपारी तिकडून सूर येत नव्हता, आणि गाईड वाचायचं कारण नव्हतं. धनू मुकादम येता-जाता बाला विचारायचा, ‘मंग, पोऱ्याचं काय?’ बा म्हणायचा, ‘लागू दे निकाल.’

निकाल लागला त्या दिवशी कॉलेजच्या फलकापुढं इतकी गर्दी होती, की रफीक माझ्या खांद्यावर चढला. तो वर बोट फिरवत नंबर शोधत राहिला. ‘दिखा क्या?’ मी खालून विचारत होतो. ‘मेरा दिखा,’ तो म्हणाला. आणि पुन्हा शोधायला लागला. मग म्हणाला, ‘तेरा भी है. एकदम किनारे पे है, पर है.’ काठावर का होईना, मी पास होतो. त्या तपासणाऱ्याला काय वाटलं असेल, याचा मी म्हातारपणापर्यंत विचार करत आलोय. कदाचित त्याला ती कविता वाटली असेल. कदाचित त्यालाही त्याची आई आठवली असेल. वानखडे सर एवढंच म्हणाले, ‘देव आहे.’ ते नास्तिक होते.

तांड्यावर आलो तर नायकाच्या अंगणात निंबाखाली सगळे बसलेले. नायक म्हणजे आमच्या तांड्याचा प्रमुख. शेजारी बा, आणि धनू दसऱ्यानंतरच्या टोळीची माणसं पक्की करत होता. मी सायकल टेकवून सांगितलं, ‘सुटलं.’

‘इंग्रजी?’ नायकानं विचारलं.

‘हो.’

‘असं कसं समजावं?’ धनू म्हणाला. ‘कागदावर कोणी बी पास होते. बोलून दाखव म्हणा.’

नायकाला ते पटलं. ‘बोल बापा. आमच्यापैकी कोणाले चूक काढता येत नाई, तवा भिऊ नको.’

मी उभा राहिलो. बायका दारादारांतून बाहेर आल्या. मोटी याडी निसत असलेली भाजी घेऊनच आली. मी तोंड उघडलं आणि इंग्रजीत पास झालेल्या माझ्या तोंडातून इंग्रजीचं एक वाक्य निघेना. बा माझ्याकडं बघत नव्हता, पायातल्या मातीकडं बघत होता. धनू बाच्या तोंडाकडं बघत होता. मला एकच गोष्ट सलग येत होती. मी डोळे मिटले, श्वास भरला आणि राणीचा काळ लावला.

सबंध म्हटला. पहिल्या हाकेला पुरुष एकमेकांकडं बघू लागले. दुसऱ्या हाकेला बायका पुढं सरकल्या. तिसऱ्याला नायकाची म्हातारी बायको डोळे पुसायला लागली, कारण ती चाल आली की तिला पुसायची सवयच होती. आणि एक रडली म्हणजे मग बाकीच्या कशा राहतात. श्रद्धा डळमळली तेव्हा सगळं अंगण मुसमुसत होतं. मोटी याडी हुंदक्यांतूनच खुणावत होती, आवाज खाली, आवाज खाली. मी थांबलो.

धनूनं उपरण्यानं नाक पुसलं. ‘यात मेलं कोण?’ त्यानं विचारलं.

‘राणी असन,’ नायक म्हणाला.

बा उठला. त्याचेही डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचाच होता. ‘धनू,’ तो म्हणाला, ‘तू दुसरा गडी पाह्य. याले उसात नेलं त तुही सारी टोळी फडात रडत बसन.’

धनूनं मान हलवली, पायात चपला सरकवल्या आणि शेजारच्या घरापुढं जाऊन तिथल्या पोऱ्याला हाक मारली.